दुसऱ्या कोटाचा धागा

११ जानेवारी

लाँड्रीवाला आज स्वतः आला. तीन जिने चढून! एरवी खालून हाक मारतो, मी दोरीला पिशवी बांधून सोडते, तो तिच्यात कपडे टाकतो. तेव्हाच ओळखलं – काहीतरी बिनसलंय.

खुर्चीत बसला, आधी धाप टाकली, मग कोट मांडीवर पसरला. "मावशी, हे काय केलंत?"

काय केलं म्हणजे? सिगरेटने पडलेलं भोक होतं, बुजवलं.

"बुजवलंत हो. पण चॉकलेटी धाग्याने. कोट मरून रंगाचा आहे."

मला वाटलं थट्टा करतोय. कोट खिडकीशी नेला, उजेडात धरला. मला तर सगळं एकच दिसत होतं. भोक कुठे होतं तेसुद्धा सापडेना. मनात म्हटलं, वा गं बाई, काय हात आहे तुझा! आणि तो आपला मान हलवतोय.

धाकट्या जावेला हाक मारली. ती हात पुसत आली, दारातूनच म्हणाली, "अगंबाई! जाऊबाई, कोटाला डाग पडलाय की हो."

डाग! माझ्या रफूला!

बाहेरचा दोरा मी कधी वापरत नाही. कपड्याच्याच आतल्या शिवणीत शिंप्याने जादा कापडाची माया ठेवलेली असते. त्या मायेतला धागा ओढायचा आणि त्यानेच भोक विणायचं. रंग चुकणार कसा? पण त्या दिवशी मांडीवर दोन कोट होते. एकाच्या मायेतला धागा काढला, घातला दुसऱ्याला.

चाळीस वर्षं झाली. कुणी शिकवलं नाही, जुने मोजे उसवून उसवून शिकले. असं कधी झालं नाही.

१२ जानेवारी

रफू उसवलं. पुन्हा घातलं. या खेपेला धाकटीने शेजारी बसून धागा निवडून दिला. ती गप्प बसली की जास्त बोलते.

२० जानेवारी

चष्मेवाल्याकडे जाऊन आले. त्याने काचा घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. म्हणाला, "आजी, नंबर तोच आहे. चष्म्याचा काही दोष नाही."

धाकटी म्हणते, "मग दोष काय नाकाचा आहे?" तो हसला. पण मोठ्या डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला.

स्वयंपाकघरातल्या दिव्याला कडं पडलेलं दिसतं. ओल्या काचेतून बघावं तसं. धाकटीला काही सांगितलं नाही. उगीच राईचा पर्वत करील.

४ फेब्रुवारी

डोळ्यांची डॉक्टरीण. मला मुलगी असती तर तिच्या वयाची, पण हात बर्फासारखे! एक लाल झाकण माझ्या नाकासमोर धरलं. डावा डोळा झाका – कसं दिसतं? उजवा झाका – आता?

एका डोळ्याला विटकरी. दुसऱ्याला त्याहून फिकं, उन्हात वाळत घालून विसरलेल्या कपड्यासारखं.

"आणि खरं कसं आहे?" मी विचारलं.

"लालभडक," ती म्हणाली. मग झाकण ठेवलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

डोळ्यात थेंब घातले, आत दिवा मारला, एका यंत्रात तोंड घालून बसवलं. ठिपका दिसला की बटण दाबायचं. मी दाबत होते. पण खालचे ठिपके आलेच नाहीत. मला वाटलं, यंत्र बिघडलंय.

नंतर म्हणाली, कुठल्या कुठल्या गोळ्या घेता, दाखवा. मी पिशवीच तिच्या टेबलावर उलटी केली. तिने बोटाने चाळून गुलाबी गोळीची पट्टी उचलली. "ही किती दिवस?"

दीड वर्ष. छातीत खार पळायची माझ्या. मधेच पळायची, मधेच बसायची, मधेच भलत्या फांदीवर उडी! या गोळीने खार बांधली. फार गुणाची गोळी.

"गुणाची आहे," ती म्हणाली, "पण डोळ्यामागची नस सुजलीय तुमची. दोन्हीकडे. क्वचित कुणाला होतं असं, या गोळीने."

मी हसले. छातीची गोळी डोळ्याला? म्हणजे म्हशीचं दुखणं पखालीला!

ती हसली नाही. समजावून सांगितलं. आधी रंग विटतात. मग खालचं दिसेनासं होतं, पायरी, उंबरा. मग बाजूचं. "बाजूने काय येतंय ते कळत नाही. डोळा उघडा असतो, माणूस समोर बघत असतो, आणि दिसत नाही."

बाजूने आलेलं? म्हणजे गाडीसुद्धा?

"गाडीसुद्धा. म्हणून रस्ता एकट्याने ओलांडायचा नाही."

मग लखोटा दिला. हृदयाच्या डॉक्टरांना द्यायचा, उद्याच्या उद्या. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, पण उशीरही करायचा नाही. त्यांनी ठरवून दुसरी द्यायची. ही शरीरात साठते म्हणे. बंद केली तरी महिनोनमहिने राहते. पाहुणा गेला तरी त्याच्या चपला दारात.

धाकटी बाहेर बाकावर डुलक्या घेत होती. काय म्हणाली डॉक्टरीण? म्हटलं, म्हातारपण म्हणाली.

लखोटा सुयांच्या डब्यात ठेवला.

५ फेब्रुवारी

गेले नाही.

६ फेब्रुवारी

लिहूनच टाकते. सहा वर्षं कुठे लिहिलं नाही, या वहीतही नाही.

हे निवृत्त होऊन घरी बसले तेव्हा खिडकीतच बसायचे. मालधक्क्यावर तीस वर्षं वजनकाट्यासमोर उभं राहून काढलेली, बसू दे, असं सगळे म्हणायचे. पण मला उजेड लागतो. खिडकी एकच. त्या सकाळी एक बारीक काम होतं, पांढऱ्यावर पांढरं. यांची सावली सारखी कापडावर. दोनदा म्हटलं, सरका. सरकले, पुन्हा आले. तिसऱ्यांदा मी सुई आपटली आणि ओरडले, "उजेड अडवून बसता नुसते. जा की कुठेतरी!"

उठले. चपला घातल्या. दार हळूच लावलं – आपटलं असतं तर बरं झालं असतं.

गोदामासमोरच्या मोठ्या रस्त्यावर, पाऊण तासाने.

समोरच्या फळवालीने पाहिलं. ती मला भेटायला आली होती, खरं बोलणारी बाई. म्हणाली, "ट्रक काही वेगात नव्हता हो. ते सरळ चालत गेले. डोळे उघडे. घाबरले नाहीत, थबकले नाहीत."

त्या दिवसापासून हे दोन शब्द माझ्या घरात राहतात. डोळे उघडे. सगळे अपघात म्हणाले. मीही म्हणाले. पण मी कुठे पाठवलं त्यांना, ते मला ठाऊक. कुठेतरी!

आणि आता ही पोर म्हणते – डोळा उघडा असतो आणि दिसत नाही.

हेसुद्धा गोळी घ्यायचे. सकाळी, चहाबरोबर. गुलाबी!

७ फेब्रुवारी

तोच गुलाबी. मी माणसांची नावं विसरते, रंग विसरत नाही. बशीच्या कडेला ठेवायचे. खूप धुतलेल्या दुपट्याचा रंग – थेट माझ्याच गोळीचा. म्हणजे आता मला दिसतो तो नव्हे, दीड वर्षापूर्वी दिसायचा तो.

यांना दिसलाच नाही तो ट्रक.

आज पहिल्यांदा पोटभर जेवले.

१० फेब्रुवारी

धाकटीला सहज विचारल्यासारखं विचारलं. हे शेवटी शेवटी पायरी चुकायचे ना गं?

"भाऊजी? छे! पायरी मामंजी चुकायचे. तुम्हीच तर खडूने रेघ मारली होतीत त्यांच्यासाठी."

मामंजींसाठी मारली होती हे खरं. पण हेसुद्धा चुकायचे. एकदा तरी चुकले होते. मला डोळ्यासमोर दिसतंय, कठडा धरून उभे आहेत.

"भाऊजींनी तर मला सुईत दोरा ओवून दिला होता, चष्म्याशिवाय. चिडवलं पण, म्हणाले, धाकटे, तू म्हातारी झालीस."

कधीची गोष्ट सांगते कोण जाणे. तिच्या डोक्यात सगळी वर्षं एकाच डब्यात भरलेली.

१३ फेब्रुवारी

गोळी घेतली. लखोटा डब्यातच.

मला बघायचंय. रंग गेले ते कळलं. आता पुढे काय जातं, कसं जातं, चालताना काय होतं. यांना काय दिसत होतं ते मला दुसरं कोण सांगणार? चार दिवसांचा तर प्रश्न आहे. एवढे दिवस गेले, अजून चार.

१७ फेब्रुवारी

मान उचलून बघायला लागलेय, भिंतीपलीकडे डोकवावं तशी. धाकटी म्हणाली, "काय हो, शहामृगासारखं काय बघता?" मी म्हटलं, हेसुद्धा असंच बघायचे, आठवतं?

ती उठून आत गेली.

२१ फेब्रुवारी

आज त्या रस्त्यावर गेले. एकटी. धाकटीला सांगितलं लाँड्रीत जाते.

यांना जिथे – तिथेच उभी राहिले, दिव्याच्या खांबाशी. सहा वर्षांत पहिल्यांदा. समोर बघत राहिले, मान हलवायची नाही असं ठरवून. गाड्या येत होत्या, आवाज येत होता, पण डावीकडे नुसतं राखाडी. मग एकदम नाकासमोर एक टेम्पो – कुठून आला! आला कधी! जमिनीतून उगवल्यासारखा.

दोनदा, तीनदा, चारदा. प्रत्येक वेळी तसंच.

फुटपाथवरच बसले आणि रडले. एक बाई पाणी घेऊन आली, म्हणाली, आजी, कुणाला फोन लावू? मी म्हटलं, नको गं, मी आनंदाने रडतेय. ती जरा लांब झाली.

२२ फेब्रुवारी

आता जावं डॉक्टरकडे. उद्या.

२६ फेब्रुवारी

उद्या, उद्या. पाय निघत नाही. गोळी बंद केली की यांच्या वाटेवरून परत फिरल्यासारखं होईल. वेड्यासारखं लिहितेय. लिहू दे.

लाँड्रीवाल्याला सांगून टाकलं, काम पाठवू नकोस. "मावशी, सुट्टी घेताय?" म्हटलं, हो. म्हणाला, "मग मी फाटके कपडे घेऊन कुणाच्या दारात उभा राहू?" चेष्टेने म्हणाला. पण पिशवी कितीतरी वेळ दोरीला रिकामीच लोंबत होती. तो खाली, मी वर.

२ मार्च

उठले. उजव्या डोळ्याची खालची अर्धी बाजू नाही. अंधार नाही – अंधार तरी दिसतो. काहीच नाही. धाकटी समोर उभी होती आणि तिला हनुवटीच्या खाली काही नव्हतं.

चहाचा कप टेबलावर ठेवला. टेबल तिथे नव्हतं.

३ मार्च

धाकटी कालच्या कपाच्या राहिलेल्या काचा गोळा करता करता म्हणाली, "सुई द्या जरा, बोटात कण गेलाय." आणि स्वतःच डब्यात हात घातला. मी नको म्हणेपर्यंत लखोटा तिच्या हातात.

वाचला. वरची तारीख वाचली. मग जी सुरू झाली!

"महिना! महिना झाला याला! जाऊबाई, तुम्हाला काय अक्कल विकत आणून देऊ? दुसऱ्याच्या कोटाला मुंगीएवढं भोक पडलं तर तुमचा जीव खालीवर होतो, आणि इथे स्वतःला एवढं मोठं भगदाड पाडून घेतलंत? माझ्याकडे बघा. दिसतेय का मी? किती दिसतेय?"

म्हटलं, वरची अर्धी. बरी अर्धी आहे.

तीही हसली, मग तिथेच काचांमध्ये बसली आणि मोठ्याने रडायला लागली. "मला कोण आहे हो दुसरं?"

खरंच की. दीर जाऊन दहा वर्षं झाली. पोरंबाळं ना तिला ना मला. हा विचार मी एकदाही केला नव्हता. एवढी मी म्हणे मायाळू!

मग सांगितलं तिला. सगळं. सावली, सुई, कुठेतरी, फळवाली, डोळे उघडे. गुलाबी गोळी. फुटपाथसुद्धा. ती ऐकत होती. बोटातून रक्त येत होतं तिच्या, पुसतही नव्हती.

शेवटी एवढंच म्हणाली, "आणि हे सहा वर्षं एकट्याच पोटात घेऊन बसलात?"

४ मार्च

हृदयाच्या डॉक्टरांनी लखोटा वाचला आणि खुर्ची मागे सारली. "आजी, ही चिठ्ठी तारखेच्या दुसऱ्या दिवशी यायला हवी होती माझ्याकडे." मी मान खाली घातली. खाली घातली की काहीच दिसत नाही, बरं असतं.

गुलाबी बंद. आता एक पिवळी आहे – धाकटी म्हणते पिवळी. गेलेलं परत येईल का? "येणार नाही असं धरून चला. आहे ते राहिलं तर नशीब."

छातीत खार चुळबुळतेय. बांधलेली होती, आता तिलाही कळलंय.

५ मार्च

यांची गोळी हीच होती का, ते डॉक्टरांना विचारायचं राहिलं. की राहू दिलं? यांना बघणारे डॉक्टर वेगळे, ते वारले, दवाखान्याच्या जागी आता झेरॉक्सचं दुकान. धाकटीला म्हटलं, यांचे कागद कुठे असतील गं? म्हणाली, असतील लोखंडी पेटीत, कशाला हवेत? गुलाबी गोळ्या काय सतरा असतात.

मी म्हटलं, रंग मी विसरत नाही.

९ मार्च

तिने पेटी काढली. आपणहून. मी सांगितलं नव्हतं. दुपारभर जमिनीवर बसून कागद उलटत होती – भाड्याच्या पावत्या, माझी लसीची चिठ्ठी, यांचं कामावरचं ओळखपत्र. आणि तो कागद. शेवटच्या महिन्याचा, डॉक्टरांच्या अक्षराचा, मुंग्यांची रांग निघाल्यासारखा.

माझ्याकडे दिला नाही. मला वाचता येणार नाही हे दोघींना माहीत. हातात धरून उभी राहिली आणि घडाघडा म्हणाली, "हीच हो जाऊबाई. तीच गोळी. नाव तेच आहे. भाऊजींना दिसलंच नसणार. आता सोडा तो विषय. पाय धरते हवं तर, पण सोडा."

मी तिचा हात धरला. म्हटलं, बरं झालं बाई. सुटले.

पाठ टेकली आणि पडून राहिले. कितीतरी वेळ हलकं हलकं वाटत होतं. ती शेजारी बसून पाय चेपत होती – आयुष्यात कधी चेपले नाहीत तिने माझे पाय!

कागद मोठ्याने वाचत होती तेव्हा तिचा चष्मा कपाळावर होता. वरचं मला अजून चांगलं दिसतं.

१० मार्च

काही लिहावंसं वाटत नाही.

११ मार्च

सोडून द्यावं. ती म्हणाली ना. तिने वाचलं ना. तिला बारीक अक्षर लांबून वाचता येत असेल. काहींना येतं.

१४ मार्च

धाकटी बँकेत गेली. पेटी मीच उघडली. कागद वरच होता, घाईघाईने घडी घातलेला. कठड्याला धरून जिना उतरले, एकेक पायरी पायाने चाचपत. औषधवाला कोपऱ्यावरच, रस्ता ओलांडावा लागत नाही.

त्याने दोनदा वाचलं. "आजी, यात हृदयाचं काहीच नाही. ही पित्ताची गोळी. डोळ्याला काही करत नाही ही."

रंग कसला असतो?

"गुलाबी."

म्हणजे यांना दिसत होता तो ट्रक.

कागद होता तसा घडी करून पेटीत ठेवला. धाकटी आली, जिन्यातूनच ओरडत विचारतेय – आज कसं वाटतंय? म्हटलं, छान. तुझ्यामुळे.